लाँग केसमध्ये एक प्रश्न वाढवा

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : पुनर्वसन आणि जुनाट दुखणी यांबद्दल डॉक्टरांना मिळणारं शिक्षण

महोदय / महोदया,

डॉक्टर मंडळी माझ्याकडे पेशंट पाठवतात, तेव्हा बहुतेक चिठ्ठ्यांवर औषधांच्या यादीखाली एवढंच लिहिलेलं असतं : ‘ॲडव्हाइज्ड फिजिओथेरपी’. कुणी फारच मनावर घेतलं तर ‘फिजिओ, दहा दिवस’. कशासाठी पाठवलंय, काय जपायचंय, या माणसाला पुन्हा काय करता यायला हवंय, याचा पत्ता नसतो. मी कोपरखैरण्यात फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक चालवते आणि अशा चिठ्ठ्या वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हेच डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहितात तेव्हा नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की जेवणानंतर, सगळं नीट लिहितात. ‘बीपीची गोळी, दहा दिवस’ असा कागद मी अजून पाहिलेला नाही.

या डॉक्टरांशी माझं भांडण नाही. त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत, अडीअडचणीला रात्री फोन उचलतात. जे शिकवलं गेलं आणि ज्याचे मार्क मिळाले, ते ते चोख करतात. पुनर्वसनाचे मार्क त्यांना कधी नव्हतेच. मार्क ठेवणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र नाशिकला.

थेट मागणीच सांगते. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मेडिसिनच्या प्रात्यक्षिकात अर्धांगवायूचा पेशंट हा लाँग केससाठी (एकच पेशंट सविस्तर तपासून परीक्षकांपुढे मांडायचा, त्यासाठी) अगदी ठेवणीतला. विद्यार्थी हिस्ट्री घेतात, हातपाय हलवून टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, बघतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, तळव्यावर रेघ ओढून अंगठा वर जातो का ते बघतात. मग परीक्षक येतात. ‘लिजन कुठे?’, म्हणजे मेंदूत इजा कुठे. ‘इंटर्नल कॅप्सूल, सर.’ ‘आर्टरी कुठली?’ तेही उत्तर पाठ असतं. सगळे पुढच्या खाटेकडे सरकतात आणि पेशंट कूस बदलायला कुणीतरी येईल म्हणून वाट बघत पडून राहतो. त्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक प्रश्न वाढवा : हा माणूस घरी गेल्यावर संडासला कसा जाईल? आणि त्याला मोजण्याइतके मार्क ठेवा.

प्रश्न बाळबोध वाटेल. उत्तर द्यायला बसलं की घाम फुटतो. पेशंट आधाराशिवाय बसू शकतो का, खाटेच्या कडेवरून उठताना भार कुठल्या पायावर टाकतो, पायाला जमिनीचा स्पर्श कळतो का, लघवीची भावना होते का, हे सगळं माहीत हवं. डावी बाजूच त्याच्या ध्यानात येत नाही असं तर नाही ना, हेही बघायला हवं. (असं होतं. पेशंट ताटाच्या उजव्या अर्ध्यातलं जेवतो आणि चटणी-कोशिंबीर वाढलीच नाही म्हणून सुनेवर चिडतो.) घरात दिवसा कोण असतं, संडास बसायचा आहे की कमोड आहे, दारातून वॉकर आत जातो का, हे विचारावं लागतं. न्यूरॉलॉजीची जी तपासणी विद्यार्थ्याने आत्ताच धडाधड म्हणून दाखवली, तीच इथे पुन्हा लागते, पण या वेळी तिच्याकडून काम करून घ्यावं लागतं.

आमच्याकडे सिडकोची बैठी घरं आहेत. कित्येकांनी वर माळा चढवलाय, वर जायला लोखंडी शिडी. संडास दोन पावलांवर, पण मध्ये उंबरा आणि आत उकिडवं बसायचं. अर्धांगवायू झालेला माणूस अशा घरी परत येतो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ ठेवायची गोळी असते, फॉलो-अपची तारीख असते आणि तळाला आमची ती ओळ. पुढचं डोकं घरच्यांनी चालवायचं. ते चालवतातही. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध गोल कापून घेतात, कडा घासतात, वर कापडाची पट्टी गुंडाळतात आणि खुर्ची भांड्यावर ठेवतात. कल्पना चांगली आहे, खर्च जवळजवळ नाही. फक्त खुर्ची हातांची हवी आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवायला हवी, नाहीतर ओल्या लादीवर ती मागे सरकते आणि माणूस पुन्हा हॉस्पिटलात, आता खुब्याचं हाड मोडून. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. त्याच पाच मिनिटांत हेही सांगता येतं की पेशंटला उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. स्नायू सैल पडलेले असतात, खांदा जागचा निसटतो, आणि मग माणूस अर्धांगापेक्षा खांद्याच्या दुखण्याने जास्त रडतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा दुखऱ्या खांद्यांतले कितीतरी मायेने ओढलेले असतात.

अभ्यासक्रमात हे नाहीच, असं मी म्हणत नाही. २०१९ पासूनच्या सक्षमताधारित अभ्यासक्रमात फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची, म्हणजे पुनर्वसनाच्या विषयाची, वेगळी उद्दिष्टं छापलेली आहेत. कागद भक्कम आहे. इंटर्नशिपमध्ये मात्र हा विषय अस्थिरोगाच्या दोन आठवड्यांत ‘यासह’ म्हणून बसवलाय, आणि त्या दोन आठवड्यांत इंटर्न प्लास्टर घालतो, ड्रेसिंग करतो आणि एक्स-रे घेऊन पळतो. त्यावर कडी म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांसाठी जे किमान निकष काढले, त्यात सक्तीच्या विभागांच्या यादीतून हा विभागच वगळला गेला. उद्दिष्टं पुस्तकात राहिली, शिकवणारा असलाच पाहिजे असं राहिलं नाही. आयोगाचे निकष बदलणं आपल्या अखत्यारीत नाही, हे मला कळतं. म्हणूनच मी विभाग मागत नाही, एक प्रश्न मागते. मुलं परीक्षेत येतं तेच वाचतात. हे परीक्षा घेणाऱ्यांना मी काय सांगावं.

अर्धांगवायूत निदान काहीतरी दिसतं तरी. जुनाट दुखण्यात दिसत काहीच नाही, आणि तिथे आमचे डॉक्टर जास्त अडखळतात.

एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात काम करणारा एक माथाडी कामगार माझ्याकडे आला होता. गाव जावळी तालुक्यातलं, वय चाळिशीतलं, पन्नास किलोच्या गोणी पाठीवरून उतरवण्यात उमेदीची वर्षं गेलेली. कंबर सहाएक महिने दुखत होती. आला, बसला नाही, आधी मोठ्या पाकिटातून एमआरआयची फिल्म काढून ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाला, ‘मॅडम, मणक्यात गॅप आलाय. गादी सरकलीय. आता जन्मात वजन उचलायचं नाही सांगितलंय.’ कमरेला पट्टा इतका आवळलेला की पोटावर वळ. चप्पल घालताना भिंत धरायचा आणि श्वास रोखायचा. तपासलं तर पायातली ताकद चांगली, संवेदना जागेवर, रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे. माणूस दुखण्याने जितका वाकला होता त्याहून जास्त त्या एका वाक्याने वाकला होता. माथाड्याला ‘वजन उचलू नको’ म्हणणं म्हणजे ‘कमवू नको’ म्हणणं. त्याने दुसरं काय करावं, टोळीतल्या मुकादमाशी काय बोलावं, किती दिवसांनी किती उचलून बघावं, याबद्दल कागदावर अक्षर नव्हतं.

आम्ही रिकाम्या गोणीपासून सुरुवात केली. मग तीत थोडी वाळू, मग आणखी थोडी. पहिल्या दिवशी रिकामी गोणी उचलायलाही तो घाबरला आणि मग स्वतःलाच हसला. मुकादमाशी फोनवर बोलले, त्याने काही आठवडे त्याला गोण्या मोजायच्या कामाला ठेवलं. आज तो पुन्हा टोळीत आहे. कंबर अधूनमधून दुखते, दुखणं संपलं असं मी म्हणणार नाही. पट्टा मात्र घरी खुंटीला आहे.

त्या फिल्मबद्दल त्याला एक गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती सांगायला एमआरआय लिहून देणाऱ्या डॉक्टरला ती माहीत असायला हवी होती. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (म्हणजे त्याची ती ‘गादी’) फुगलेल्या होत्या, ६८ टक्क्यांच्या झिजलेल्या. दुखत काहीच नव्हतं. रिपोर्टातल्या ‘डिस्क बल्ज’ या शब्दांशेजारी ‘तुमच्या वयाला निम्म्या लोकांना असतं’ एवढं वाक्य बोललं गेलं असतं, तर तो माणूस भिंत धरून माझ्या दारात आला नसता. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की ते नेहमीच इजेच्या प्रमाणात राहत नाही. मज्जारज्जू आणि मेंदूतले वेदनेचे मार्ग जास्त संवेदनशील होतात, पूर्वी न दुखणाऱ्या हालचाली दुखू लागतात, आणि झोप, काळजी, कर्ज, घरातली भांडणं हे सगळं त्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ११वी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत जुनाट वेदनेला स्वतःचं स्थान आहे, काही प्रकारांत तर वेदना हाच आजार मानलाय. आपले विद्यार्थी अजून ‘कारण शोधा, कारण काढा, दुखणं जाईल’ एवढंच घेऊन बाहेर पडतात. कारण सापडलं नाही की पेशंटला सांगतात, ‘तुम्हाला काही झालेलं नाही.’ दुखणाऱ्या माणसाला याहून वाईट काय सांगावं?

गैरसमज नको. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाचं वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, ताप असेल, तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी डोक्यात यायलाच हवा. लघवी अडकली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर तासही घालवायचा नाही. हे डॉक्टरांना उत्तम शिकवलं जातं आणि ते पकडतातही. मी बोलतेय ते उरलेल्या मोठ्या गर्दीबद्दल, जिच्यात यातलं काहीही नसतं.

त्या गर्दीला मिळतात त्या गोळ्या. गुडघे दुखणाऱ्या मावशी सकाळी चहाबरोबर डायक्लोफिनॅक घेतात, चिठ्ठी जुनी, दुकानदार ओळखीचा. मधुमेह आहे, बीपी आहे, मूत्रपिंडावर आधीच ताण आहे. (गिधाडं मरायला लागली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक देशाने बंद केलं. मावशींचं इतक्या तातडीने कुणी बघत नाही.) उलट जी गोळी खरंच कामाची असते तिचं काय होतं बघा. नसांच्या दुखण्याला डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत देतात, बरोबर देतात. पण कशासाठी ते सांगत नाहीत. मेडिकलवाला सांगतो, ‘ही डिप्रेशनची आहे.’ घरी मुलगा मोबाइलवर बघतो, तोही तेच सांगतो. ‘मला वेडी ठरवलं’ म्हणत बाई गोळी डस्टबिनमध्ये टाकते आणि डॉक्टर बदलते. दोन वाक्यांचं काम होतं : ही गोळी मोठ्या मात्रेत नैराश्याला देतात, लहान मात्रेत नसांची जळजळ कमी करते, आठवडा-दोन आठवडे धीर धरा, सकाळी थोडं सुस्त वाटेल. ही दोन वाक्यं बोलून दाखवायची परीक्षा आपल्याकडे कुठे होते?

लोकलच्या अपघातात पाय गेलेली माणसं ठाणे-नवी मुंबईत प्रत्येक फिजिओच्या ओळखीची. गुडघ्याखाली पाय कापलाय, जखम छान भरलीय, सर्जनने काम सुरेख केलंय. घरी आई प्रेमाने उरलेल्या पायाखाली उशी ठेवते, कारण बरं वाटतं. दोन-तीन महिने गुडघा उशीवर वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. मग कृत्रिम पाय बसवणारा सांगतो, गुडघा सरळ होत नाही, पाय नीट बसणार नाही. उशी ठेवू नका, दिवसातून काही वेळ पालथे झोपा, उरलेल्या पायाला पट्टी अशी बांधा, हे डिस्चार्जच्या दिवशी सांगायचं असतं. आणखी एक सांगायचं असतं : नसलेल्या पायाची बोटं दुखतील, जळतील, वळतील. असं होतं आणि ते वेडेपण नाही. एका घरात हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा रात्री नसलेला तळवा खाजव म्हणायचा, घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि माझ्याकडे यायच्या आधी ते गावी देवऋषीकडे जाऊन आले. आम्ही काचवाल्याकडून एक आरसा कापून आणला, दोन पायांच्या मध्ये उभा धरला आणि चांगल्या पायाची बोटं हलवायला लावली. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदीच्या दशकात मांडलेली ही युक्ती सगळ्यांना लागू पडते असं नाही. या मुलाला पडली.

आता आपल्याच विद्यापीठाचं बोलते. एमबीबीएसची परीक्षा आपण घेता, फिजिओथेरपीची आपण घेता, ऑक्युपेशनल थेरपी, नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथी, सगळ्यांची पदवी नाशिकहून येते. एकाच शिक्क्याची ही मुलं शिकताना एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग नोकरीत एकमेकांना ‘ॲडव्हाइज्ड फिजिओ’ लिहून पाठवतात. नेरुळ-कामोठ्याची काही महाविद्यालयं स्वतःची परीक्षा घेणाऱ्या अभिमत विद्यापीठांकडे आहेत, तिथे आपलं चालणार नाही. कळव्याचं महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय आपल्याकडे आहे. तिथून सुरुवात करा. इंटर्नच्या त्या दोन आठवड्यांतले थोडे दिवस फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या इंटर्नबरोबर एकाच पेशंटवर लावा. तिघांनी मिळून त्याला खाटेवरून संडासापर्यंत नेऊन आणायचं आणि एक कागद लिहायचा. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे, लोकल आणि बसने पोचता येतं. मुलांना निदान एकदा तिथे न्या. आणि वाशी ते दिघा पट्ट्यातल्या चाळींत पहिला डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचा बीएएमएस नाहीतर होमिओपॅथीचा बीएचएमएस असतो, हे विसरू नका. कंबर दुखली की लोक त्याच्याकडे जातात. हा प्रश्न त्यांच्याही प्रात्यक्षिकात यायला हवा.

यावर काय ऐकायला मिळेल ते मला माहीत आहे. ओपीडीत एवढी रांग, कुणाला वेळ आहे? ‘तुम्हाला काय करता येत नाहीये?’ हे विचारायला ‘किती दिवसांपासून दुखतंय?’ याहून जास्त वेळ लागत नाही. दुसरं ऐकायला मिळेल की फिजिओवाल्यांनी आधी आपलं घर बघावं. खरं आहे. आमच्यातही दहा सेशनचं पॅकेज विकून, शेक देऊन, करंटचं मशीन लावून पेशंटला झोपवून ठेवणारे पुष्कळ आहेत. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), अल्ट्रासाउंडचा शेक यांची नेहमीची उपयोजना नको आणि व्यायाम, समजावणं यांच्यावर भर द्या, असं त्यात आहे. त्या वाचून माझ्या व्यवसायबंधूंपैकी अर्ध्यांची मशिनं अडगळीत जायला हवीत. गेलेली नाहीत, कारण चिठ्ठीवर ‘दहा दिवस’ लिहिलेलं असतं आणि कुणी काही विचारत नाही. लिहिणाऱ्याला विचारता आलं, तर करणाऱ्यालाही सुधारावं लागेल.

वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ च्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या पडल्या. व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला या विषयातले जाणकार डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे पुनर्वसन शिकल्या आणि परत येऊन ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधला विभाग चालवला. देशातल्या डॉक्टरांना हा विषय शिकवणारी बाई स्वतः पेशंट होऊन आली होती. बाकीच्यांना ती वेळ न येता शिकता यावं, एवढी सोय विद्यापीठ करू शकतं.

जे आधीच पास होऊन दवाखाने थाटून बसलेत, त्यांच्यापर्यंत आपली परीक्षा पोचणार नाही. त्यांच्यासाठी या पत्राची प्रत महाराष्ट्र वैद्यक परिषदेला पाठवतेय. नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात; त्यातले थोडे जुनाट वेदना आणि पुनर्वसनासाठी राखून ठेवावेत, आणि ते हॉटेलातल्या भाषणाला न देता वॉर्डात पेशंटसमोर बसून मिळवायचे असावेत.

आपल्याकडून मला हवंय ते त्याहून लहान आहे. हिवाळी सत्राच्या प्रात्यक्षिकासाठी परीक्षकांना सूचना जातील, त्यात मेडिसिनच्या लाँग केसखाली ती एक ओळ घाला. नमुना उत्तरं हवी असतील तर आम्ही काही फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसून लिहून देऊ, मराठीत आणि इंग्रजीतही. मानधन नको. विद्यापरिषदेच्या कुठल्या बैठकीत हा विषय घेणार, तेवढं कळवावं.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट,
कोपरखैरणे, नवी मुंबई

प्रत : महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई